रेडिओहेडने बाजाराला लाथ मारली, असं कोण म्हणतं?

ऑक्सफर्डच्या रेडिओहेड या बँडची एक गोष्ट समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. कधी ती रीलच्या रूपात येते, कधी 'स्वप्नांचा पाठलाग' छापाच्या लांबलचक मजकुरात दृष्टांत म्हणून. गोष्ट साधारण अशी: पाच फाटक्या पोरांनी बँड काढला. पहिल्याच गाण्याने, 'क्रीप'ने, त्यांनी रातोरात जग जिंकलं. मग त्यांना त्या गाण्याचीच किळस आली आणि ते त्यांनी परत कधी वाजवलं नाही. कंपनी आडवी पडली तरी तिला न जुमानता 'ओके कॉम्प्युटर' हा अल्बम केला. यशाच्या शिखरावर असताना गिटारी फेकल्या आणि कुणाला न कळणारा 'किड ए' काढला, म्हणजे धंद्याच्या हिशेबाने सरळ आत्महत्या. शेवटी कंपनीलाच लाथ मारली, जगात पहिल्यांदाच कुणी करावं तसा 'इन रेनबोज' हा अल्बम सगळ्यांना फुकट वाटला आणि रेकॉर्ड कंपन्यांचं दिवाळं काढलं. तात्पर्य काय, तर बाजाराकडे पाठ फिरवा, बाजार आपोआप मागे येतो.

या गोष्टीत निखळ खोटं थोडंच आहे. अर्धवट मात्र भरपूर आहे, आणि प्रत्येक ठिकाणी नेमकं तेच अर्ध गळलंय ज्यात कंपनी, रेडिओ, दुकानं, तारखा आणि पैसे येतात. मला हा बँड अतोनात आवडतो, म्हणूनच हे खटकतं. या पाच जणांनी बाजाराशी घासाघीस केली, त्याच्याकडून वेळ मागून घेतला, काही वेळा त्याला चक्क गुंगारा दिला. पण बाजारावरची नजर त्यांनी कधी काढली नाही. आता एकेक मुद्दा घेऊ.

"पाच फाटकी पोरं"

हे लवकर उरकतो. टॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन आणि फिल सेलवे हे पाचही जण ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन स्कूलचे विद्यार्थी. ही फी भरून शिकायची मुलांची शाळा. १९८५ मध्ये शाळेच्याच संगीताच्या खोलीत शुक्रवारी तालमी व्हायच्या, म्हणून बँडचं नाव 'ऑन अ फ्रायडे'. शाळा संपल्यावर बँड बाजूला ठेवून मंडळी रीतसर शिकायला गेली. यॉर्क एक्सेटरला, कॉलिन केंब्रिजला, ओब्रायन मँचेस्टरला, सेलवे लिव्हरपूलला. सुट्ट्यांत जमायचं, वाजवायचं, परत जायचं. सगळ्यांत धाकट्या जॉनीने तेवढं कॉलेज सोडलं, तेही हातात करार आल्यावर.

त्या कराराची हकीकतही फार रोमांचक नाही. कॉलिन रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करत होता. तिथे ईएमआय कंपनीचा माणूस यायचा, त्याच्या हाती त्याने आपल्या गाण्यांची टेप दिली. १९९१ च्या अखेरीस सहा अल्बमचा करार झाला. कंपनीला जुनं नाव पसंत नव्हतं, म्हणून टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडच्या एका गाण्यावरून 'रेडिओहेड' हे नाव घेतलं. म्हणजे बँडचं आजचं नावसुद्धा कंपनीच्या सांगण्यावरून आलेलं आहे. करारातला सहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"क्रीपने रातोरात जग जिंकलं"

१९९२ मध्ये बँडची पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, 'ड्रिल' आली आणि खपाच्या ब्रिटिश यादीत १०१ व्या क्रमांकावर थांबली. त्याच वर्षी सप्टेंबरात 'क्रीप' आलं. ते ७८ वर थांबलं. बीबीसीच्या रेडिओ १ ला ते फारच उदास वाटलं, त्यांनी ते नेहमीच्या यादीत घेतलं नाही. बास, संपलं. त्या वेळच्या हिशेबाने हे गाणं पडलं होतं.

पिकतं तिथे विकत नाही, हे या गाण्याइतकं क्वचित कुणाला लागू पडेल. ते उचललं इस्रायलमधल्या रेडिओने. तिथे ते इतकं वाजलं की बँडला दौऱ्यासाठी तेल अवीव गाठावं लागलं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्टेशनने ते लावून धरलं, तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं आणि बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ३४ पर्यंत पोचलं. इतकं झाल्यावर कंपनीने सप्टेंबर १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये ते पुन्हा बाजारात आणलं आणि या खेपेला ते ७ व्या क्रमांकावर गेलं. रातोरात म्हणतात ती रात्र वर्षभराची होती. आणि गाणं उचलून धरलं ते परदेशांतल्या रेडिओवाल्यांनी, तालमीच्या खोलीतल्या जिद्दीने नव्हे.

जाता जाता, गाण्याच्या जन्माबद्दलही थोडं. शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी हे निर्माते वेगळीच गाणी रेकॉर्ड करायला आले होते. बँडने तालमीत सहज 'क्रीप' वाजवलं, तेव्हा त्यांना वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी गाणं आहे. ध्रुवपदाच्या आधी गिटारचे जे करकरीत खटके बसतात, ते जॉनीला गाणं फार मिळमिळीत वाटत होतं म्हणून आले. गंमत म्हणजे लोकांना आज आठवतात तेच. शिवाय हे गाणं होलीज या ब्रिटिश बँडच्या 'द एअर दॅट आय ब्रीद'च्या जवळ जातं, म्हणून त्या गाण्याचे कर्ते अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांना श्रेय आणि मानधनातला वाटा द्यावा लागला.

"त्यांनी ते पुन्हा कधी वाजवलं नाही"

वाजवलं. २००१ च्या जुलैमध्ये ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये, म्हणजे ऐन 'किड ए'च्या काळात, घरच्या लोकांसमोर वाजवलं. त्या रात्री जॉनीचा ऑर्गन बिघडला, ठरलेलं गाणं अर्ध्यावर सुटलं आणि त्याऐवजी 'क्रीप' आलं. २००९ च्या रेडिंग महोत्सवात कार्यक्रमाची सुरुवातच त्याने केली. २०१६ मध्ये पॅरिसला, २०१७ मध्ये ग्लास्टनबरीला पुन्हा वाजवलं.

त्यांना या गाण्याचा कंटाळा होता हे खरंच आहे. मधली कित्येक वर्षं ते वाजत नव्हतं आणि १९९४ चं 'माय आयर्न लंग' हे गाणं तर त्याच वैतागातून आलं: ज्या यंत्रावर आपला श्वास चालतो तेच यंत्र आपल्याला जखडून ठेवतं, असा त्याचा रोख. पण कंटाळा वेगळा आणि प्रतिज्ञा वेगळी. आपल्याकडच्या कॉलेज बँडना चार कॉर्डमध्ये बसणारं 'क्रीप' इतकं प्रिय आहे की मूळ बँड ते टाळतो हे ऐकून कुणाला तरी नक्कीच दुखावल्यासारखं झालं असणार. बहुधा त्या दुखण्यातूनच 'कधीच नाही' हे शब्द चिकटले.

"कंपनी आडवी पडली तरी"

इथे दाव्यात थोडं तथ्य आहे, त्यामुळे नीट बघायला हवं.

'क्रीप'नंतर कंपनीला दुसरं 'क्रीप' हवं होतं, यात शंका नाही. १९९४ च्या सुरुवातीला लंडनच्या आरएके स्टुडिओत जॉन लेकी या निर्मात्याबरोबर दुसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं, तेव्हा पुढचं हिट गाणं कोणतं या एका प्रश्नाने सगळ्यांना जाम करून टाकलं. काम पुढे सरकेना. मग तोडगा निघाला: काम थांबवून दौऱ्यावर जायचं आणि गाणी लोकांसमोर पक्की करायची. 'माय आयर्न लंग'चं वादन तर लंडनच्या अस्टोरियामधल्या मैफलीतूनच घेतलं आहे, वर फक्त गायन नव्याने भरलं. 'द बेंड्स' मार्च १९९५ मध्ये आला. ब्रिटनमध्ये ४ थ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत ८८ च्या वर चढला नाही. ज्या देशाने 'क्रीप' डोक्यावर घेतलं तिथेच दुसरा अल्बम आपटला. अशा वेळी कंपन्या काय करतात हे सांगायला नको. पण ईएमआयने हात आखडता घेतला नाही. एकामागून एक गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, येत राहिली आणि १९९६ च्या सुरुवातीला त्याच अल्बममधलं 'स्ट्रीट स्पिरिट' ५ व्या क्रमांकावर गेलं. कुणाला वाटलं असतं की इतकं उदास गाणं चालेल? पण वर्षभर तग धरायला कुणीतरी पैसा लावला होता. मधल्या काळात बँड आर.ई.एम. या बड्या अमेरिकन बँडच्या दौऱ्यावर त्यांच्या आधी वाजवत होता. ही सगळी जुन्या पद्धतीची, सावकाश जम बसवण्याची चाल.

'ओके कॉम्प्युटर'ची तयारीही अशीच झाली. कंपनीने दिलेल्या पैशांतून बँडने स्वतःची रेकॉर्डिंगची यंत्रं घेतली, डिडकॉटजवळच्या सफरचंदं ठेवायच्या शेडमध्ये बस्तान मांडलं आणि मग बाथजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या हवेलीत मुक्काम हलवला. निर्माता म्हणून कोणी बडं नाव लादलं गेलं नाही. 'द बेंड्स'च्या वेळी साउंड इंजिनिअर असलेला तरुण नायजेल गॉड्रिच बँडबरोबर काम करत होता. कंपनी आडवी पडली असती तर हे सगळं झालंच नसतं.

तथ्य कुठे आहे, तर अल्बम ऐकल्यावर अमेरिकेतल्या कॅपिटॉल या ईएमआयच्याच शाखेला धक्का बसला. यात रेडिओवर वाजेल असं काय आहे, असं म्हणत त्यांनी विक्रीचा अंदाज वीस लाखांवरून पाच लाखांवर आणला. तरी जाहिरातीचा हात मात्र त्यांनी राखला नाही. समीक्षकांना पाठवलेल्या वॉकमनमध्ये अल्बमची कॅसेट चिकटवून टाकलेली होती, म्हणजे दुसरं काही लावायची सोयच नाही. साडेसहा मिनिटांच्या आसपासचं 'पॅरनॉइड अँड्रॉइड' हे पहिलं सिंगल म्हणून बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये ३ ऱ्या क्रमांकावर गेलं. अल्बम जून १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये १ ल्या, जुलैत अमेरिकेत २१ व्या क्रमांकावर. पुढे ग्रॅमीही मिळाली. कंपनी घाबरली होती, हे कबूल. विरोधात गेली होती, हे नाही.

"गिटारी फेकल्या आणि धंद्याच्या दृष्टीने आत्महत्या केली"

ही या गोष्टीतली सगळ्यांत लाडकी जागा. तिच्यातले दोन दावे वेगवेगळे तपासावे लागतील.

आधी आत्महत्येचं बघू. 'किड ए' ऑक्टोबर २००० मध्ये आला. ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेतही पहिला. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाण्याची रेडिओहेडची ही पहिलीच वेळ. पहिल्याच आठवड्यात तिथे दोन लाखांहून जास्त प्रती गेल्या. 'क्रीप' असलेला पहिला अल्बम 'पाब्लो हनी' अमेरिकेत पहिल्या तिसांतही पोचला नव्हता. धंद्याच्या दृष्टीने आत्महत्या म्हणतात ती हीच असेल, तर पुष्कळ बँड रांगेत उभे राहतील.

यावर उत्तर येतं की तो पुण्याईचा जोर होता, 'ओके कॉम्प्युटर'चे चाहते डोळे मिटून विकत घेत होते आणि मग पस्तावले. अंशतः असेलही. पण आठच महिन्यांनी त्याच रेकॉर्डिंगमधून निघालेला 'ॲम्नेझिॲक' आला, तोवर लोकांना काय मिळणार हे पुरतं ठाऊक होतं. अमेरिकेत त्याने पहिल्या आठवड्यात 'किड ए'पेक्षा जास्त प्रती विकल्या. ब्रिटनमध्ये पुन्हा पहिला. पस्तावलेले लोक असे रांगेत येत नाहीत.

मग जाहिरात. सिंगल काढलं नाही, नेहमीचा व्हिडिओ केला नाही, मुलाखती मोजक्या दिल्या, हे सगळं खरं. पण याचा अर्थ जाहिरात केली नाही असा नाही. दहा-वीस सेकंदांची छोटी ॲनिमेशन्स बनवून टीव्हीवर आणि इंटरनेटवर सोडली. कुठल्याही चाहत्याला आपल्या वेबसाइटवर लावता येईल असं एक छोटं सॉफ्टवेअर दिलं, त्यातून अल्बम आधीच ऐकता यायचा आणि तिथूनच आगाऊ मागणीही नोंदवता यायची. साल २००० आहे हे ध्यानात घ्या. कितीतरी कंपन्या तेव्हा इंटरनेटला शत्रू समजत होत्या. अल्बम काही आठवडे आधीच नॅप्स्टर या इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घेण्याच्या सेवेवर फुटला, लोकांनी तो मनसोक्त ऐकला आणि विक्री तरीही अशी झाली. शिवाय 'ऑप्टिमिस्टिक' हे गाणं अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांना रीतसर पाठवलं होतं आणि ते वाजलंही. ऑक्टोबरातच बँड 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर हजर होता. अमेरिकन टीव्हीच्या या सर्वांत ठळक खिडकीत जाऊन बसलेल्या माणसांना बाजाराकडे पाठ केलेली माणसं म्हणणं, जरा अवघडच आहे. दौराही केला, तो युरोपात स्वतःच्या तंबूत, प्रायोजकांच्या फलकांशिवाय. इथे तत्त्व होतं, नाही असं नाही. पण तिकिटं होतीच.

आता गिटारी. यॉर्कला १९९८ पर्यंत गिटार-बँडचा उबग आला होता, त्याने वॉर्प या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कंपनीच्या रेकॉर्ड्सचा ढीग आणून ऐकायला सुरुवात केली, हे त्याने स्वतःच सांगितलंय. ओब्रायनसारख्याला मात्र नेटक्या तीन-चार मिनिटांच्या गाण्यांकडे परतायचं होतं. पॅरिस, कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशरमधली हवेली, मग स्वतःचा स्टुडिओ, अशी वर्षभराहून जास्त फरफट झाली ती या ओढाताणीमुळे. पण निकाल काय लागला? 'ऑप्टिमिस्टिक'मध्ये गिटारच आहे. 'द नॅशनल अँथम'चा कणा म्हणजे एक बास गिटारची धून, जी यॉर्कने स्वतःच वाजवली आहे, आणि वर पितळी वाद्यांचा गोंगाट. 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली'मध्ये साधी ॲकूस्टिक गिटार आहे. तिच्याभोवतीची तंतुवाद्यं जॉनीने लिहिली आणि ती डॉर्चेस्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये रेकॉर्ड झाली. यातली सगळी गाणी नवीही नाहीत. शेवटचं 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' तर यॉर्कने 'क्रीप'च्याही आधी लिहिलं होतं. जुन्याशी नातं एका घावात तोडलं म्हणणाऱ्यांना हे एवढं एक गाणं पुरे आहे.

खरा बदल झाला तो कुतूहलाच्या दिशेत, आणि तो बघायला गिटारी मोजून चालत नाही. जॉनी ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराच्या नादाने ओंद मार्तेनो या विजेवर चालणाऱ्या जुन्या वाद्याच्या मागे लागला. 'इडिओटेक'साठी त्याने भल्यामोठ्या आवाजी प्रयोगाची टेप यॉर्ककडे दिली. त्यातला काही सेकंदांचा तुकडा यॉर्कने हेरला. तो निघाला अमेरिकन संगीतकार पॉल लान्स्कीच्या १९७३ च्या संगणक-रचनेतला, आणि त्याच तुकड्यावर गाणं उभं राहिलं. तो स्वभाव अजून गेलेला नाही. हाच जॉनी २०१५ मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात शाई बेन त्सुर आणि राजस्थानी कलावंतांबरोबर 'जुनून' रेकॉर्ड करायला बसला होता, बरोबर गॉड्रिचही. किल्ल्यातलं ते काम ऐकलं तर 'किड ए' बंड म्हणून नव्हे, शिकण्याच्या खटपटीतून झाला असं वाटू लागतं. निदान मला तरी वाटतं.

झोडपलं का कुणी? झोडपलं. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने धुऊन काढला, कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये तक्रार केली. या दोन लेखांमुळे 'कुणालाच कळला नाही' ही समजूत पक्की झाली असावी. पण त्याच वर्षीच्या उत्कृष्ट अल्बमच्या कित्येक याद्यांत तो होता, आणि ग्रॅमीत उत्कृष्ट आल्टर्नेटिव्ह अल्बमचा मानही त्यालाच मिळाला.

"कंपनीला लाथ मारून 'इन रेनबोज' फुकट वाटला"

सहाचा आकडा इथे लागतो. 'पाब्लो हनी', 'द बेंड्स', 'ओके कॉम्प्युटर', 'किड ए', 'ॲम्नेझिॲक' आणि जून २००३ चा 'हेल टू द थीफ'. सहा झाले, करार संपला. लाथ कुणी कुणाला मारली नाही, मुदत भरली. नंतर कित्येक महिने नव्या कराराची बोलणी ईएमआयशीही चालूच होती. २००७ मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूक कंपनीने ईएमआय विकत घेतली आणि बोलणी फिसकटली. बँडला आपल्या जुन्या रेकॉर्डिंगच्या वापरावर अधिकार हवा होता, नवे मालक म्हणत होते की हे फार पैसे मागतात. कोण किती खरं हे बाजूला ठेवू. वाद चालला होता हक्कांचा आणि पैशाचा, कलावंताच्या मुक्तीचा नव्हता.

१ ऑक्टोबर २००७ ला जॉनीने चार ओळीत जाहीर केलं की अल्बम तयार आहे, दहा दिवसांत येतोय. १० तारखेला आला. किमतीच्या चौकटीत तुम्हीच आकडा भरायचा. शून्य भरला तरी चालेल. लोकांच्या लक्षात हा शून्य राहिला. त्याच पानावर ४० पौंडांची एक पेटी विकायला होती: दोन विनाइल रेकॉर्ड, सीडी, शिवाय जादा गाण्यांची दुसरी सीडी. ती कुणी फारशी लक्षात ठेवली नाही. वॉर्नर चॅपेल या प्रकाशन कंपनीने वर्षभराने आकडे दिले, त्यात अशा एक लाख पेट्या गेल्या होत्या. नुसता गुणाकार केला तरी ४० लाख पौंड. डाउनलोडमधून किती जणांनी किती दिले याचे बाहेरच्यांनी काढलेले अंदाज बँडने फेटाळले, ते मी इथे आणत नाही. पण सीडी दुकानात येण्याआधीच या अल्बमने 'हेल टू द थीफ'च्या एकूण कमाईहून जास्त पैसे मिळवले होते, असं वॉर्नर चॅपेलनेच सांगितलं.

फुकट दिलं ते काय प्रतीचं होतं हेही बघायला हवं. १६० केबीपीएसचे, म्हणजे सीडीपेक्षा हलक्या प्रतीचे, एमपी३. ज्यांचे कान तयार आहेत त्यांनी तेव्हाच कुरकुर केली होती. डिसेंबरात ती सोय बंद झाली. आणि वर्षअखेरीस ब्रिटनमध्ये एक्सएल रेकॉर्डिंग्ज या स्वतंत्र कंपनीमार्फत, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी अमेरिकेत, सीडी दुकानांत हजर. जवळजवळ तीन महिने सगळ्या जगाच्या कॉम्प्युटरवर पडून असलेला अल्बम दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. सगळे प्रकार धरून तीस लाख प्रती, हाही वॉर्नर चॅपेलचाच आकडा. या व्यवहारात एकही टप्पा असा नाही की जिथे पुढच्या विक्रीचा विचार झाला नव्हता. गाणी ऐकून लोक सीडी घेतील याची खात्री नसती तर आम्ही हे केलंच नसतं, अशा अर्थाचं बँडच्या व्यवस्थापकांनी उघडपणे सांगितलं होतं.

आणखी एक नमुना. २००८ मध्ये याच अल्बममधलं 'न्यूड' हे गाणं पाच तुकड्यांत आयट्यून्सवर विकायला ठेवलं: गायन वेगळं, बास वेगळा, ड्रम वेगळे वगैरे. तुकडे घ्या, आपापलं मिश्रण करा, स्पर्धेत द्या. लोकांनी पाच-पाच तुकडे पैसे देऊन घेतले, ती विक्री यादीत धरली गेली आणि 'न्यूड' हॉट १०० मध्ये ३७ वर जाऊन बसलं. 'क्रीप'च्या फक्त तीन पायऱ्या खाली. मला ही कल्पना फार आवडते. पण हिला बाजाराबद्दलची उदासीनता म्हणायला जीभ रेटत नाही.

राहिलं कंपन्यांचं दिवाळं. नॅप्स्टर १९९९ चं. सीडीची घसरण त्यानंतर लगेचच सुरू झाली, म्हणजे २००७ मध्ये धंदा आधीच खाली चालला होता. ईएमआय बुडाली ती टेरा फर्माने तिच्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाखाली. २०११ मध्ये सिटीग्रुपने ताबा घेतला, मग युनिव्हर्सलने ती विकत घेतली आणि पार्लोफोनचा, म्हणजे रेडिओहेडचे जुने अल्बम काढणाऱ्या लेबलचा, हिस्सा वॉर्नरकडे गेला. रेडिओहेड गेल्याने ईएमआयची नाचक्की झाली असेल. पण मधल्या काळात तिने बँडच्या जुन्या अल्बमची पेटी काढली, २००८ मध्ये बँडच्या संमतीशिवाय निवडक गाण्यांचा संग्रहही काढला आणि विकला. दिवाळखोर झालेल्याची ही चाल नव्हे.

"जगात पहिल्यांदाच"

नाही. कॅनडाच्या गायिका जेन सिबेरी यांनी २००५ मध्येच आपल्या दुकानात 'परवडेल तितकं द्या' हा पर्याय ठेवला होता. जुलै २००७ मध्ये, म्हणजे तीनच महिने आधी, प्रिन्सने आपला नवा अल्बम ब्रिटनमध्ये 'मेल ऑन संडे' या वर्तमानपत्राबरोबर वाटला. त्याचे पैसे वर्तमानपत्राने मोजले. रेडिओहेडइतक्या मोठ्या बँडने, नवाकोरा अल्बम, साऱ्या जगासाठी एकाच दिवशी असा ठेवणं नवं होतं, एवढंच म्हणता येईल. तेही काही कमी नाही.

"म्हणून प्रत्येक बँडने हेच करावं"

इथे मात्र मला थोडा राग येतो, कारण हा सल्ला नव्या पोरांना दिला जातो. पुण्यामुंबईत वाजवणारी, स्वतःच्या खिशातून स्टुडिओचं भाडं भरणारी पोरं तो वाचतात.

टॉम यॉर्कने २००७ च्या शेवटी 'वायर्ड' मासिकासाठी डेव्हिड बर्नशी बोलताना सांगितलं होतं की आम्हाला हे जमलं कारण आम्ही आधी या धंद्याच्या पूर्ण चरकातून पिळून निघालो होतो, आणि हा दुसऱ्या कुणासाठी नमुना नाही. टॉकिंग हेड्सचा हाच तो बर्न, ज्याच्या गाण्यावरून बँडला नाव मिळालं. एवढं स्पष्ट बोलूनही ही गोष्ट नमुना म्हणूनच फिरते. २००७ मध्ये त्यांच्याकडे ईएमआयच्या पैशाने जमवलेले जगभरचे श्रोते होते. त्या श्रोत्यांपर्यंत थेट पोचायला स्वतःचं विक्री केंद्र होतं. हात दुखेपर्यंत दौरे करून कमावलेली पत होती. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याने चौकटीत शून्य ठेवला तर बहुतेक वेळा शून्यच येतो.

स्वतः बँडनेही ती युक्ती परत केली नाही. पुढचा 'द किंग ऑफ लिम्ब्स' फेब्रुवारी २०११ मध्ये आला, तोही वेबसाइटवरच, पण एमपी३ ला सहा पौंड, मोजून. 'अ मून शेप्ड पूल' २०१६ मध्ये एक्सएलमार्फत आला आणि ब्रिटनमध्ये पहिला गेला. स्पॉटिफायवर यॉर्कने २०१३ मध्ये कडक टीका केली, आपली एकट्याची गाणी काढून घेतली, आणि २०१७ च्या डिसेंबरपर्यंत ती परत तिथे आली. 'इन रेनबोज'ही २०१६ मध्येच तिथे पोचला होता. ईएमआयशी ज्यावरून फाटलं ती जुनी रेकॉर्डिंग २०१६ मध्ये वॉर्नरकडून एक्सएलकडे गेली, आणि तिथून 'ओके कॉम्प्युटर', 'किड ए', 'ॲम्नेझिॲक' यांच्या नव्या आवृत्त्या जादा गाण्यांसह निघाल्या.

२०१९ मध्ये 'ओके कॉम्प्युटर'च्या काळातल्या तालमींच्या मिनीडिस्क चोरीला गेल्या आणि त्या न फोडण्यासाठी दीड लाख डॉलर मागितले गेल्याचं बँडने सांगितलं. बँडने खंडणी दिली नाही. अठरा तासांचा तो सगळा कच्चा माल त्यांनी बँडकॅम्प या गाणी विकायच्या वेबसाइटवर स्वतःच अठरा दिवसांसाठी टाकला आणि पैसे एक्स्टिंक्शन रिबेलियन या पर्यावरणवादी चळवळीला दिले. किंमत या वेळी श्रोत्यांवर सोडली नाही. अठरा पौंड.